मोगऱ्यातला बांबू

अमरावती
१० मार्च २०२५

ती. मावशीस,
नमस्कार.

घडले ते असे.

१. जुलै २०१६. मी अकोल्यात तुझ्याकडे राहून कृषी अभियांत्रिकी शिकत होते. पश्चिमेच्या झळांनी मोगऱ्याच्या कळ्या करपतात म्हणून मी एका नर्सरीतून शोभेच्या पिवळ्या बांबूची सहा रोपे आणली आणि बागेच्या पश्चिम कडेला लावली.

२. हा बांबू आपल्याकडच्या बांबूसारखा एका बेटात राहत नाही. त्याचे खोड जमिनीखालून आडवे धावते. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

३. ऑगस्ट २०२२. मावसाजी गेले.

४. २०२३ संपेपर्यंत बांबू मोगऱ्याच्या पहिल्या तीन सऱ्यांत शिरला. त्या तीन सऱ्या गेल्या. अकरा राहिल्या.

५. नोव्हेंबर २०२४. खणकाम करणाऱ्या नत्थुजींनी माझ्या आराखड्याप्रमाणे बांबू तोडला, मुळे खणून काढली. पश्चिमेला रस्त्याखाली गेलेली मुळे पुन्हा आत येऊ नयेत म्हणून अडीच फूट खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिक उभे पुरले. मी शनिवार-रविवार तिथे होते. सोमवारी पहाटे परत आले. उरलेले काम कागदावर लिहून दिले होते.

६. फेब्रुवारी २०२५. मोगऱ्याच्या सातव्या, आठव्या आणि अकराव्या सरीत बांबूचे कोंब आले.

सहावी नोंद पाचवीशी जुळत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कोणाकडून निरोप दिला की तो वाटेत बदलतो, म्हणून लिहिते आहे. श्याम तुझी फुले घेऊन रोज पहाटे इकडच्या बाजारात येतोच. पत्र त्याच्या रिकाम्या टोपलीत ठेवते. तूही तसेच पाठव.

मला तीन गोष्टी कळव. एक, प्रत्येक कोंबाचे चरापासूनचे अंतर, टेपने मोजून. दोन, कोंबांची संख्या. तीन, काढलेली मुळे कोणत्या दिवशी जाळली आणि पूर्ण जळली का.

ही बाग गेली तर अकोल्यात राहायला तुझ्याकडे कारण उरणार नाही आणि नितेशदादा आईला एकटे ठेवायचे नाही म्हणून तुला नागपूरला नेईल. तुला जायचे नाही. पाऊस जूनमध्ये येतो. जमिनीत ओल आली की हे खोड पुन्हा धावू लागेल. त्याच्या आत कारण सापडले पाहिजे.

तुझी,
प्राजक्ता

*

अकोला
१५ मार्च २०२५

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. शेजारची पार्बताबाई जवळच होती, म्हणे पत्र आहे का कोर्टाचा कागद? वाचून दाखवाले बसली होती. मी म्हटलं, बाई, माह्ये कान गेले, डोळे आहेत.

टेप सापडला नाही, हातानं मोजलं. सातव्या सरीतला कोंब चरापासून सत्तावीस हात आहे. आठवीतला त्याच्या थोडा पुढे. अकरावीतला मोजला नाही, तिथं वाकलं की कंबर धरते. एकूण एकोणीस. रोज सकाळी कळ्या तोडाले गेली की दोन नवे दिसतात. कोयत्यानं उडवून टाकून राहिली मी. संध्याकाळी पाहाव तर परत टोक वर.

नत्थुजीले दाखवलं. तो म्हणे, "सत्यभामाबाई, तुमची इंजिनेर पोट्टी आता कोंबायची बी हजेरी मांडन." मी हसली नाही, पण खरं सांगू, हसू आलं होतं.

परवा होळीले गल्लीतले पोट्टे लाकडं मागत आले. बांबूच्या वाळल्या काड्या पाहिल्या त्यायनं, म्हणे आजी, देऊन टाका. मी नाही देल्ल्या. जुनी खाट होती मोडकी, ते देल्ली.

मोगरा औंदा बरा फुटून राहिला. लग्नायच्या मालाची आशा आहे. तू जेवत जा टायमावर. आवाजावरून बारीक वाटते, असं म्हटलं असतं, पण तुह्या आवाज मले आता ऐकू येत नाही.

नितेशचा निरोप होता, ये म्हणून. मी म्हटलं, आधी हंगाम होऊ दे.

तुह्यी मावशी

*

अमरावती
२० मार्च २०२५

ती. मावशीस,
नमस्कार.

तुझा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा इंच आहे. तुझ्याकडे राहत असताना गजऱ्याचा दोरा मी त्यावरच मोजत असे. सत्तावीस हात म्हणजे अडतीस फूट तीन इंच. चरापासून इतके अंतर हे खोड तीन महिन्यांत, तेही थंडीत, पार करू शकत नाही.

म्हणजे ते आधीच तिथपर्यंत पोचले होते आणि नत्थुजींनी तेवढा भाग खणला नाही. किंवा प्लास्टिकचा जोड उघडा राहिला आणि मी सांगितलेली खोली प्रत्यक्षात खणली गेली नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. चर भरताना मी तिथे नव्हते.

कृपया नत्थुजींना चर तीन ठिकाणी उघडायला सांग. उत्तरेचा कोपरा, मधला जोड, दक्षिणेचा कोपरा. प्लास्टिक किती खोल आहे ते मोजून त्यांच्या समोर लिहून घे. मजुरी मी श्यामबरोबर पाठवली आहे.

कोंब कोयत्याने उडवू नकोस. वरून छाटल्याने खालचे खोड मरत नाही, त्याला जास्त फुटवे येतात. त्यातला एक खालच्या खोडासकट खणून, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठव. आमच्या प्रयोगशाळेत माती-पाणी तपासतात, झाडे नाही. पण मला तो फक्त पाहायचा आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.

प्राजक्ता

*

अकोला
३ एप्रिल २०२५

चि. प्राजक्तास,
आशीर्वाद.

झालं तुह्या मनासारखं. नत्थुजीनं चर उघडला. तीन नाही, सगळा उघडला, रागानं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्लास्टिक जसंच्या तसं उभं आहे. टेप त्यानंच आणला, मले लिवाले लावलं. अडीच फूट, अडीच फूट, दोन फूट आठ इंच. म्हणे, "हे दोन इंच माह्याकडून बक्षीस, तुमच्या पोट्टीले सांगजा." चरातून एक बी मुळी आत आली नाही, बाहेर गेली नाही.

मग फावडं धुतलं, खांद्यावर घेतलं अन् म्हणे, "तीस वर्सं लोकायच्या वाड्या खणून राहिलो, कोणी माह्यं काम परत उघडून पाह्यलं नाही. आता माह्याच्यानं होत नाही, दुसरा पाहा." मजुरीचे पैसे ओट्यावर ठेवून गेला. मी हाका मारल्या. तो काय म्हणत गेला मले ऐकू आलं नाही, बरंच झालं.

चर मी अन् पार्बताबाईनं बुजवला. दोन दिवस लागले.

आता एकाहत्तर झाले. चौथी सरी सोडली तर सगळ्यात आहे. मोगऱ्याच्या बुडातूनच निघते, कुठं मोगरा संपला, कुठं बांबू सुरू झाला समजत नाही. झाडं पिवळी पडून राहिली. मागच्या वर्सी या दिवसात श्याम तीन टोपल्या नेत होता माह्या, काल एक नेली, ते बी भरली नव्हती. त्यानं विचारलं, मावशी, दुसऱ्याले देऊन राहिल्या काय माल? मी म्हटलं, हो. काय सांगाव?

रात्री वाटते की खाली चालून राहिलं. मले भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, अन् हे ऐकू येते.

तू मागतला तो तुकडा टोपलीत खाली आहे.

तिसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. केलं ना बाप्पा सगळं तुह्या कागदापरमाणं. आता नोको विचारू.

मावशी

*

अमरावती
९ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
नमस्कार.

नत्थुजींचे काम बरोबर होते. माझा अंदाज चुकला. त्यांना मी वेगळे पत्र लिहिले आहे, सोबत आहे. ते तू स्वतः नेऊन दे.

तू पाठवलेला तुकडा धुऊन पाहिला. लांबी नऊ इंच. त्यावर चार पेरी, दोन पेरांना कोंब, बाकी सगळीकडे पांढरी नवी मुळे. जमिनीखालून धावत आलेले खोड मागे कुठेतरी जोडलेले असते. ओढून तोडले तर ते एका बाजूने फाटते. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना कोयत्याचा काप आहे. काप जुना आहे, काळा पडला आहे. साधारण चार-पाच महिन्यांपूर्वीचा. त्याला शेणखत चिकटलेले आहे.

म्हणजे हा बांबू मोगऱ्यात धावत आला नाही. तो तिथे लावला गेला.

माझ्या कागदावर पाचवी ओळ होती: सर्व मुळे ताडपत्रीवर आठ दिवस वाळवणे आणि नंतर जाळणे. "जाळणे" या शब्दाखाली मी रेघ मारली होती. माझ्या सूचनेप्रमाणे केले असते तर आज बागेत एकही कोंब नसता.

मुळे जाळली होती का? हो किंवा नाही, एवढेच लिही.

प्राजक्ता

*

अकोला
२४ एप्रिल २०२५

प्राजक्ता,

नाही जाळली.

तू गेली त्या सोमवारी नत्थुजीनं मुळ्यायचा ढीग लावला. माह्या कंबरेएवढा होता. आठ दिवसानं डिझेलचा डबा घेऊन आला. काडी ओढली बी होती त्यानं, मीच त्याच्या हातावर मारलं. बांबूले आपल्या हातानं आग लावत नाही. हे तुह्या मायले माहीत आहे, पार्बताबाईले माहीत आहे, नत्थुजीले बी माहीत आहे. पण तो म्हणे, बाईच्या कागदावर लिवलं आहे. मी त्याले वापस पाठवलं, म्हटलं मी पाहून घेईन.

तुह्या मावसाजीले नेलं तवा तू नव्हती. दुपारी गेले. पाण्याची झड लागली होती, बाजार बंद. तिरडीले बांबू कुठून आणता? नत्थुजी मागं गेला अन् त्याच बांबूतले चार तोडून आणले. ओले, हिरवे, पानं झटकून बांधले. चौघायनं खांदा देल्ला तवा ते मधातून वाकले, तर कोणीतरी म्हटलं, "भगवंतराव जाता जाता बी झोका घेऊन राहिले." लोकं हसले. मी बी हसली. दिवसभरात तेवढंच हसली.

ज्याच्यावर माणूस गेला त्याच्या मुळीले मी काडी लावू काय? तूच सांग. तुह्या कागदात ते लिवता येत नव्हतं, मले माहीत आहे. तुले विचारलं असतं तर तू म्हटलं असतं, मावशी, ते सगळं मनाचं आहे. म्हणून नाही विचारलं.

मग त्या ढिगाचं काय कराव? रस्त्यावर कशी टाकू? म्हटलं, मातीतलं आहे, मातीत जाऊ दे. आपल्यात तेच तर करतात. झेंडूचे धांडे, शेवंतीचा पाला, सगळं सरीत पुरतात, वर्सात खत होते. मी अन् पार्बताबाईनं वीत-वीत तुकडे केले, मोगऱ्याच्या बुडाशी पुरले, वर शेणखत टाकलं. अन् पाणी देल्लं. रोज देल्लं. म्हटलं लवकर सडन.

पहिला कोंब दिसला तवाच समजलं मले. एकोणीस झाले तवा बी समजत होतं. तुले सांगाले तोंड नव्हतं. नत्थुजी माह्यापायी गेला, त्यालेही नाही सांगतलं. तुह्यं पत्र त्याच्या घरी नेऊन देल्लं, त्यानं वाचलं, चहा ठेवला माह्यासमोर. मी कप तसाच ठेवून आली.

पण तू बी एक ध्यानात घे. मावसाजीनं तुले फोन केला होता, जायच्या दोन महिने आधी. बांबू सरीत आला, काढून टाकू काय म्हणून. मी जवळच बसली होती, तवा ऐकू येत होतं मले. तू म्हटलं, "बांबू जागेवरच राहतो, मावसाजी, काढू नका." त्यायच्या हातात फावडं होतं, ते त्यायनं भिंतीले टेकवून ठेवलं. म्हणे, पोट्टी शिकली आहे. तुह्या पहिल्या पत्रात नंबर टाकून सगळं लिवलं आहे. हे नाही लिवलं.

मी भांडून नाही राहिली. तुह्यं चुकलं, माह्यं चुकलं, अन् मधात मोगरा गेला.

आता दोनशे चाळीस झाडात बांबूचं कोणतं अन् मोगऱ्याचं कोणतं, देवाले बी सांगता येणार नाही. काल कळ्या तोडाले गेलीच नाही. पहिल्यांदा. नितेश वीस मेले गाडी घेऊन येते. जागेले मागणारा आहे कोणी, फरशी टाकून गाड्या उभ्या करतो म्हणते. मी हो म्हटलं.

तू आता पत्र पाठवू नोको. मले वाचवत नाही.

सत्यभामा

*

अमरावती
६ मे २०२५

ती. मावशीस,
नमस्कार.

तू पत्र पाठवू नकोस म्हणालीस. तरी हे पाठवते आहे. बारा दिवस थांबले, तुझ्याकडून काही आले नाही. श्यामला विचारले तर म्हणाला, मावशींच्या घरून टोपली येत नाही, दार उघडे असते, त्या ओट्यावर बसलेल्या असतात.

मावसाजींचा फोन आला होता. १३ जून, संध्याकाळी. तू लिहिलेस तेच मी म्हणाले. मी फक्त मेळघाटातला बांबू अभ्यासला होता. आणलेला कोणता आहे हे नर्सरीत विचारले नव्हते आणि पुढे सहा वर्षांत तपासलेही नव्हते. त्यांनी विचारल्यावर तरी तपासायला हवे होते. पहिल्या पत्रात ती नोंद लिहायला घेतली होती. मग लिहिली नाही.

आणखी एक, जे तुला माहीत नाही. मावसाजी गेले तेव्हा मी धारणीकडे मातीचे नमुने घ्यायला गेले होते. पुलावरून पाणी आहे, गाड्या बंद आहेत, असे मी कळवले. ते खरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सुरू झाल्या. मी दहाव्या दिवशी आले. मधले दिवस मी नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत बसले. त्या चिठ्ठ्या नंतर चुकीच्या निघाल्या, सगळ्या पुन्हा लावाव्या लागल्या. मला तुझ्यासमोर उभे राहता आले नसते. यापेक्षा नीट मला हे लिहिता येत नाही.

"माझ्या सूचनेप्रमाणे केले असते तर" हे वाक्य मी लिहायला नको होते. तुझ्या घरात काय जाळायचे हे तुला न विचारता मी ठरवले होते.

आता बागेबद्दल. खोटी आशा लावायची नाही म्हणून आकडे देते.

वरून छाटून किंवा औषध मारून उपयोग नाही, मोगराही मरेल. दोनशे चाळीसही झाडे मुळांसकट उचलावी लागतील, मुळे पाण्यात धुऊन त्यातून बांबूचे तुकडे हाताने वेचावे लागतील, अकराही सऱ्यांची माती दीड फुटापर्यंत चाळावी लागेल. झाडे छाटून, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवावी लागतील. मे महिन्यात मोगरा उचलणे चूक आहे हे मला माहीत आहे. पण पावसानंतर उचलला तर बांबू एकात एक गुंतलेला असेल. दोनशे चाळीसपैकी सत्तर जगतील असे मी धरते. कदाचित पन्नास. दोन वर्षे तुझ्याकडे विकण्याएवढा माल नसेल. हे काम पूर्ण करूनही एखादा तुकडा राहील आणि पुढच्या वर्षी पुन्हा खणावे लागेल. ते मी खणेन.

मुळ्यांना आग लावायची नाही. २५ एप्रिलला मी तू पाठवलेल्या खोडाचे चार तुकडे करून इथल्या पत्र्याच्या छतावर ठेवले. पहिल्या दिवशी वजन दोनशे बारा ग्रॅम. नवव्या दिवशी सत्त्याण्णव, आणि त्यानंतर कमी होणे थांबले. वाकवले तर कट्कन मोडतात. परवा ते कुंडीत लावून पाणी घालायला सुरुवात केली, फुटतात का पाहायला. आजपर्यंत कोंब नाही. १८ तारखेला चौदा दिवस होतील, त्याआधी मी खात्री देणार नाही. पण अकोल्याचे ऊन इथल्यापेक्षा कडक आहे. तुझ्या घराच्या पत्र्यावर ढीग न करता एकेक पसरले तर दहा दिवसांत ते मरायला हवेत. वाळल्यावर त्यांचे काय करायचे ते तू सांग. तू म्हणशील तिथे ठेवू.

नत्थुजी येतील. मी रविवारी अकोल्याला त्यांच्या घरी गेले होते, तुझ्याकडे न येता परत आले. काय झाले ते मी त्यांना सांगितले. तुझ्या परवानगीशिवाय सांगितले, याबद्दल रागाव. ते म्हणाले, "बाईनं काडी विझवली तवाच मी समजलो होतो, पण मले वाटलं त्यायनं ढीग कुठं तरी नेऊन टाकला असन. बुडाशी पुरतील असं डोक्शात बी आलं नाही." मग म्हणाले की येतो, फक्त मी हातात टेप घेऊन त्यांच्या मागे उभी राहायचे नाही. मी कबूल केले.

नितेशदादाशी मी बोललेले नाही. बाग तुझी आहे. नागपूरला जायचे ठरवलेस तर मी तुला अडवणार नाही, सामान बांधायला येईन. पण फरशी टाकणाऱ्याला दिलेला होकार थकून दिलेला आहे की विचार करून, हे मला पत्रावरून कळत नाही.

मी १६ मे ते ३१ मे अशी रजा घेऊ शकते. रजेचा अर्ज मंगळवारी सकाळी द्यावा लागतो. श्याम पहाटे सहा वाजता इथे पोचतो, मी फुलबाजारात त्याच्यासाठी उभी राहीन. सोमवार, १२ मेपर्यंत तुझ्या हाताने लिहून कळव, मी येऊ की नको.

तुझी,
प्राजक्ता